काशीराम कंडक्टरची विश्रांती

आपलं सगळं आयुष्य प्रवासात गेलं, असं काशीराम कंडक्टर सांगायला लागला की पावसच्या खालच्या वाडीत समोरच्याने मान डोलवायची, अशी रीतच पडून गेली होती. कारण ते खोटं नव्हतं. रत्नागिरी ते पूर्णगड, पूर्णगड ते रत्नागिरी. मध्ये भाट्याचा पूल, गोळपची चढण, पावसचा थांबा. नोकरीला लागल्या दिवसापासून निवृत्त झाल्या दिवसापर्यंत काशीराम याच रस्त्यावर उभा होता. हा रस्ता कुणी सुतासारखा सरळ केला असता आणि काशीरामाच्या साऱ्या खेपा एकापुढे एक जोडल्या असत्या, तर त्याची गाडी काशी, रामेश्वर करून समुद्रापार कुठल्या कुठे गेली असती. पण खेपेत जेवढं जाणं असतं तेवढंच येणं असतं. म्हणून काशीराम कुठेच गेला नव्हता. आंबा घाट त्याने पाहिला नव्हता. कोल्हापूर, कराड, सातारा ही गावं त्याने वाचली होती ती शेजारच्या फलाटावर लागलेल्या गाड्यांच्या कपाळावर.

तरी शीण मात्र खराखुरा होता. चामड्याच्या पिशवीच्या पट्ट्याने खांद्यावर पडलेली खाच आंघोळीच्या वेळी उघडी पडली की ती तो कुणालाही दाखवायचा, लढाईतली जखम दाखवावी तशी. "ह्या खांद्यावर सगळी एसटी पेललीय मी," म्हणायचा.

त्याची बायको गोदा दोरीवर धोतर वाळत घालता घालता म्हणायची, "घाण्याचा बैल पण दमतोच की."

गोदा नाटे गावची. माहेर दर्यावर, सासर दर्याजवळ. जन्मापासून तिला पश्चिमेकडे पाणी आणि पूर्वेकडे निळी डोंगरांची रांग दिसत आलेली. पाण्याच्या पलीकडे काय आहे, हे तिने कधी विचारलं नाही. तिचा बाप आणि भाऊ जाऊन येत होते आणि मासळी आणत होते, तेवढं पुरे होतं. डोंगरांच्या पलीकडचं मात्र तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. आणि नवरा मिळाला तो एसटीतला. लग्नात बायका तिला म्हणाल्या होत्या, "गोदे, नशीब काढलंस गो. आता सगळा मुलूख बघशील."

तिने बघितली ती गाडी. संध्याकाळची पूर्णगड वस्तीची गाडी काशीरामाच्या घरापुढून जायची आणि पूर्णगडला मुक्काम करायची. घर असं वाटेत, आणि मालक पुढच्या गावी गाडीच्या बाकड्यावर झोपायचा. गोदा डबा घेऊन अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहायची. ड्रायव्हर गाडी पुरती थांबवायचा नाही, नुसती हळू करायचा. काशीराम पायरीवरून वाकून भरला डबा उचलायचा आणि रिकामा डबा तिच्या हातात द्यायचा. एवढ्यात जे बोलायचं ते. "शकूला ताप हाय." "सुंठ दे." "छप्पर गळतंय." "बघतंय." घंटीची दोरी ओढायचा, आणि संसार पुढच्या वळणावर दिसेनासा व्हायचा. तरी संसार झाला. एक मुलगी झाली, शकू. ती मोठी झाली. कोकण रेल्वे सुरू झाली त्याच साली तिचं लग्न झालं, मांडव पावसलाच पडला, आणि जावयाची नोकरी असल्याने ती थेट घाटावर, कराडच्या अलीकडे एका गावात जाऊन राहिली.

तेव्हापासून गोदाचं एकच मागणं होतं. लेकीचं घर बघायचं. चूल कुठल्या बाजूला आहे, पाणी कुठून आणते, दारात काय लावलंय, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. डोंगरापलीकडचं जग बघायचं त्यातच होऊन जाईल.

काशीरामाने नाही कधीच म्हटलं नाही. कंडक्टर नाही म्हणत नाही. तो म्हणतो, मागची गाडी रिकामी आहे. पहिली दोन वर्षं त्याला आपली जुनी रीतच उपयोगी पडली. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. "एवढ्या लांब जायचं नि घसा कोरडा घेऊन परत यायचं? त्यापेक्षा पोर होऊदे गो." पोर झालं. शकू बाळंतपणाला पावसलाच आली, पोरीला, सलोनीला, घेऊन घाटावर परत गेली, आणि ती सबब संपली. मग ड्युटी होती. ड्युटीनंतर आंबा होता. घरामागे गडग्याच्या आत काशीरामाची थोडी कलमं होती, वडिलांनी लावलेली. थंडीत मोहर, मग फळ, मग वानर, मग चोर. बाग सोडून माणूस जातो कुठे? आंबा संपला की पाऊस. पावसात घाट नको. पाऊस संपला की भात. अशी वर्षाची गाडी काशीराम बरोबर वेळेवर सोडायचा, आणि तीत गोदाला जागा नसायची.

"रिटायर झालो की जाऊ," हे शेवटचं तिकीट त्याने फाडून तिच्या हातात दिलेलं होतं. तेवढं तिने जपून ठेवलं होतं.

दोन हजार दोन साली, पाऊस सरता सरता काशीराम निवृत्त झाला. डेपोतल्या लोकांनी शाल दिली, श्रीफळ दिलं आणि एक आरामखुर्ची दिली, कापडी, दुमडणारी. तीच गाडीच्या टपावर टाकून तो घरी आला. पडवीत ती खुर्ची उघडली, तीत बसला, पाय लांब केले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "प्रवास बंद. आता विश्रांती."

गोदा उंबऱ्यात उभी होती. "मग शकूकडे कधी निघायचं?"

"अगो, वाईच दम घेऊदे. आत्ताच तर उतरलोय."

पण दम घ्यायला सुद्धा सवय लागते. खुर्ची हलत नव्हती. जमीन हलत नव्हती. पायांखाली काही थरथरत नव्हतं, कानांत काही खडखडत नव्हतं, अंगाला अंग लागत नव्हतं. काशीराम डोळे मिटायचा आणि लख्ख जागा व्हायचा. जेवायला बसला की थोड्या वेळाने उठून उभा राहायचा आणि ताट हातात घेऊन खांबाला टेकून जेवायचा. देवळात आरतीला गर्दी झाली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा हाय!" माणसं सरकली सुद्धा, आणि भटजी गाभाऱ्यात जाऊन टेकले.

झोप नाही म्हणून अन्न गोड लागेना. डोळ्यांखाली काळं आलं. गोदा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती ऐकली, जीभ बघितली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. आयुष्यभर फिरलेलं शरीर आहे, एकदम बांधून घातलंत. चार दिवस कुठंतरी जाऊन या. हवापालट करा."

गोदाचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांना वाटलं, पेशंट हीच होती.

काशीराम घरापाशी आल्यावर म्हणाला, "हवापालट म्हणजे काय गो, हवाच पालटायची ना? ती आपल्या भाताच्या मळ्यात पण पालटते."

आणि त्याच आठवड्यात मेंढरं आली.

घाटावरचे धनगर भातकापणी झाली की दरवर्षी आमच्याकडे उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे कुत्री, आणि रस्ता भरून चाललेली मेंढरं. कापणी झालेल्या शेतात ती रात्री बसवायची. लेंडी आणि मूत जमिनीत पडतं, पुढच्या साली भात तरारून येतं. शेतकऱ्याने धनगराला भात द्यायचं, एक वेळचं कालवण द्यायचं. आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशी पाळी ठरलेली असते. काशीरामाच्या मळ्यात आलेला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सिदू धनगराचा होता. सिदू उंच, अबोल. बोलायचं काम त्याची बायको चिमा करायची, आणि बाकीची बहुतेक कामंही तीच करायची.

काशीराम दुपारी देखरेखीला म्हणून मळ्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच मेंढरं आलेली असताना तो घरी होता. कातळावर चरून आलेली मेंढरं मळ्याच्या कडेला उंडणीच्या झाडाच्या सावलीत येऊन दाटीवाटीने उभी होती, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून. जागा अपुरी, अंगं जास्त. ऊन लागलेल्यांना आत घुसायचं होतं आणि आत असलेल्यांना हलायचं नव्हतं.

"पुढे सरका," काशीरामाच्या तोंडून निघून गेलं.

एकही मेंढरू सरकलं नाही. काशीरामाला फार ओळखीचं वाटलं.

चिमाने एक घोंगडं झाडून बुंध्याशी टाकलं. "टेका की वो, कंडक्टरसायेब."

तो टेकला. मेंढरांच्या अंगाची ऊब चहूबाजूंनी आली. घामट, लोकरी, ओलसर वास आला. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद केलेल्या गाडीत यायचा, तस्साच. रवंथ करणाऱ्या दातांची अखंड घरघर सुरू होती, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेल्यासारखी. कुठेतरी एक कोकरू लहान पोरासारखं रडत होतं आणि त्याची आई त्याला रागे भरत होती. एका म्हाताऱ्या मेंढीने काशीरामाच्या खांद्यावर, बरोबर खाचेवर, आपली मान टाकली.

काशीराम झोपला. असा झोपला की उन्हं कलली, मेंढरं उठून परत चरायला गेली, आणि उठवायला आलेल्या गोदाला क्षणभर भलतीच शंका आली.

त्या दिवसापासून त्याचं दुपारचं ठिकाण ठरलं. जेवण झालं की डोक्यावर पंचा टाकून निघायचा. "हवापालटीला जातंय," असं सांगून जायचा. अंगावर तकाकी आली, भूक लागायला लागली. रोज परतताना त्याच्या सदऱ्याला लोकर आणि लेंड्या असायच्या आणि तोंडावर ऋषीचं समाधान.

"काय सुखाचं जगणं हाय यांचं," तो गोदाला सांगायचा. "ना घंटी, ना चेकर, ना सुट्या पैशांची कटकट. नुसतं बसायचं. बघ, आपल्याला सुख नाय समजलं."

ज्या बाईच्या सुखाबद्दल तो बोलत होता, ती चिमा त्याच वेळी त्याच्या पडवीत आलेली असायची, पीठ मागायला नाहीतर पाणी न्यायला. पायांच्या भेगांत बोट जाईल, अशी ती चाललेली. एकदा तिने आरामखुर्ची बघितली.

"ह्ये काय वो, अक्का?"

"बसायचं असतं त्यात. बस की."

चिमा कमरेवरचं कोकरू तसंच धरून बिचकत बसली. कापड खाली गेलं, तिची पाठ टेकली, पाय जमिनीवरून उचलले गेले. "आगाई," एवढंच ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे डोळे मिटले. गोदा पदराने वारा घालत शेजारी बसून राहिली. मळ्यात मेंढरांत एसटीचा कंडक्टर घोरत होता आणि त्याला निवृत्तीनिमित्त मिळालेल्या खुर्चीत धनगराची बायको घोरत होती. दोघांनाही स्वतःचं नको होतं.

जागी झाल्यावर चिमाने चहा घेतला आणि दोघी बोलत बसल्या. लेकी कुठे दिल्या, यावर बोलणं आलंच.

"कराडाच्या अल्याडच्या अंगाला?" चिमा म्हणाली. "मळकापूरच्या वाटंवर? अवो, तितनंच तर आमचा वाडा खाली उतरतोय दरसाल. सडकंच्या कडंला ल्हान शाळा हाय, फुडं मोठं चिचंचं झाड. तितं उतरायचं. मग वढा लागतो. वढ्याच्या कडंकडंनं जायाचं, उजव्या हाताला पडकी हीर ठिवायची. हिरीच्या म्होरं चार घरं हायत कौलारू. त्यातलं एक तुमच्या पोरीचं आसंल बगा."

गोदाच्या हातातली बशी तशीच राहिली. "तू बघितलंयस ते?"

"बगायचं काय त्यात? पायाखालचं हाय."

 नवऱ्याच्या हातात सगळ्या एसटीची दोरी, आणि लेकीच्या घरची वाट सांगितली ती चालत आलेल्या बाईने. त्या दिवसापासून ती कोळंबी भाजताना, अंगण सारवताना मनाशी पुटपुटायची: शाळा, चिंच, ओढा, उजव्या हाताला विहीर.

मळ्यातली पाळी संपली. पुढची पाळी शेजारच्या बाबल्याची होती. सिदू वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळायला लागला तसा काशीराम कासावीस झाला.

"वरच्या खाचरात बसव की."

वरचं खाचरही झालं. बाबल्या गडग्यापाशी येऊन उभा राहिला. "काशीकंडक्टर, मेंढरां बसवलीस की घरजावई करून ठेवलीस रे? आमच्या शेतांनी काय घोडं मारलाय?"

"थांब रे. मागची गाडी रिकामी हाय."

"मागच्या गाडीची वाट बघत आमची म्हातारी आवस गेली," बाबल्या म्हणाला.

शेत आता उरलं नव्हतं. उरली होती ती कलमं. काशीरामाने सिदूला सांगितलं, "बागेत बसव."

सिदूने वर झाडांकडे बघितलं. "कंडक्टरसायेब, आंब्याच्या बागंत ह्या दिसांत कुनी बसवत न्हाई म्हनत्यात."

"खत ते खत. झाड काय पंचांग बघतं?"

गोदा तिथेच होती. ती म्हणाली, "अवो, मोहराचे दिवस आले. आत्ता कलमांना खाऊपिऊ घालू नये. आंबा धरायचा नाय."

"तू गप गो. चार रात्रींनी काय होतंय?"

गोदा गप्प बसली. ती इतक्या चटकन गप्प बसली, की दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याला संशय आला असता.

काशीरामाने एवढ्यावर भागवलं असतं तर कदाचित कलमांनी ते पोटात घातलं असतं. पण बागेतली जमीन तापलेली, धूळ उडणारी. झोपेत नाकात जायची. मेंढरांनाही तहान. म्हणून त्याने झऱ्याचं पाणी पाटाने बागेत घेतलं. रोज सकाळी पाणी फिरवायचा. दुपारपर्यंत जमीन गार, सावली गार, मेंढरं तृप्त, आणि त्यांच्या मध्ये घोंगड्यावर पसरलेला काशीराम. आपल्या वडिलांनी लावलेल्या झाडांखाली, आपल्या मालकीच्या गारव्यात. त्याला वाटलं, सगळ्या खेपा ज्या थांब्यासाठी केल्या तो हाच.

कोकणातलं शेंबडं पोरगं सुद्धा जाणतं की मोहर येईपर्यंत कलमाला तहानलेलं ठेवायचं असतं. थंडी लागली पाहिजे, पाणी तुटलं पाहिजे, झाडाला जिवाची भीती वाटली पाहिजे. मग ते फुलतं. सुखात ठेवलेलं झाड अंगाने भरतं, कामाला लागत नाही. काशीरामालाही हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण झोप लागलेल्या माणसाला काय ठाऊक असतं, याला महत्त्व नसतं.

शेवटी एका सकाळी सिदूने काही न विचारता घोड्यावर बिऱ्हाड चढवलं. चिमा गोदाच्या गळ्यात पडली. गोदाने तिला सुकटीचं गाठोडं दिलं. काशीराम बेड्यापाशी, बागेच्या बांबूच्या फाटकाशी, उभा राहून बघत होता. म्हातारी मेंढी त्याच्यापुढून गेली. तिने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. प्रवासी कधी कंडक्टरकडे वळून बघतात?

पौष आला. कातळावरून येणारी थंडी सकाळी अंगणात उभी राहू देईना. सगळ्या पावसमध्ये कलमं मोहरली. वाऱ्याबरोबर गोड, उग्र वास घराघरात शिरायला लागला. बाबल्याच्या बागेत पान दिसत नव्हतं, एवढा मोहर. आणि काशीरामाच्या बागेत शेंड्याशेंड्याला पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत, तान्ह्या पोराच्या तळव्यासारखी पालवी. सगळीकडे पालवी. मोहराचा एक तुरा नाही. बघायला बाग अशी देखणी कधी दिसली नव्हती.

माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची.

"काय रे काशीराम, कलमं पण रिटायर झाली वाटतं?"

"झाली की," बाबल्या परस्पर म्हणाला. "मालक विश्रांती घेतो नि झाडांनी काय राबायचं? त्यांना पण एकेक खुर्ची दे हो."

काशीराम घरात येऊन खुर्चीत बसला. त्या दिवशी तो उभा राहून जेवला नाही. तो जेवलाच नाही. वडिलांच्या हातची झाडं. तो लहान असताना वडील त्यांच्या बुंध्यांना हात लावून मगच कामाला जायचे. त्याने त्यांच्या सावलीत घोरण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

गोदा त्याच्यासमोर येऊन बसली. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात तिची दोन लुगडी, त्याचा धुतलेला सदरा, सलोनीसाठी गोड खाजं आणि शकूसाठी कोकमाची सोलं भरलेली होती.

"काय ह्या?"

"शकूकडे जाऊया."

"आत्ता? आंब्याच्या दिवसांत? बाग कोण राख..." एवढं बोलून काशीराम थांबला.

"राखायची काय? पालवी?" गोदा म्हणाली. "वानर पण फिरकायचं नाय यंदा."

काशीरामाने सबबींच्या पेटीत हात घालून बघितलं. पाणी नको प्यायला? नात तीन वर्षांची होत आली. ड्युटी? खुंटीवर चामड्याची पिशवी सुकत होती. पाऊस? आभाळ काचेसारखं. भात कापलेलं, आंबा नाही. दम? दम तर त्याने असा घेतला होता की गाव हसत होतं. पेटी रिकामी होती. सगळी तिकिटं संपली होती.

मग त्याने बायकोकडे निरखून बघितलं. "गोदे, तुला ठाऊक होतं. मग तू मला नीट अडवलं का नाहीस?"

"मी एकदा बोलले," गोदा पिशवीचे बंद बांधत म्हणाली. "दोनदा बोलले असते तर तुमी ऐकला असतात."

रत्नागिरीच्या स्टँडवर काशीराम पहिल्यांदाच त्या दुसऱ्या फलाटावर उभा राहिला. कराड गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. "काशीकाका! या, या. बसा ना, उभे काय?" काशीराम दाराशी दांड्याला धरून उभा होता, बसायचं ध्यानातच आलं नव्हतं. गोदाने त्याला हाताला धरून आत ओढलं आणि स्वतः खिडकीशी बसली.

गाडी सुटली. पायाखाली थरथर सुरू झाली, खिडक्या खडखडल्या, उभ्या माणसाची पिशवी खांद्याला लागली. शहराची घरं मागे पडायच्या आत काशीरामाची मान गोदाच्या खांद्यावर कलली.

पुढचं गोदानेच मागाहून वाडीत सांगितलं, कारण काशीरामाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. डोंगर जवळ आले तेव्हा ते निळे नव्हते. हिरवे होते, मग तपकिरी, मग नुसता दगड. गाडी वळणावर वळण घेत वर चढली. एका वळणावर सगळं कोकण खाली दिसलं, धुरकट, घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखं. तिला वाटलं, याला उठवावं. मग वाटलं, झोपूदे. याला काय, हा सगळ्या आयुष्याचा प्रवासी. वर पोचल्यावर रान एकदम सपाट झालं आणि आभाळ फार मोठं झालं. वारा लागला तो कोरडा होता. ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागलं नाही. तेवढ्याने तिला हसू आलं, आणि का आलं ते तिला वाडीतल्या बायकांना काही केल्या सांगता आलं नाही.

लहान शाळा गेली. गोदाने उठून स्वतः घंटीची दोरी ओढली. कंडक्टर चमकून बघायला लागला. "आजी, थांबा पुढं आहे."

"मला चिंचेशी उतरायचाय," गोदा म्हणाली.

चिंचेखालून गाडी निघून गेल्यावर काशीराम डोळे चोळत चहूकडे बघत राहिला. ऊस, धूळ, ऊन. समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. "इथे कुणाला तरी विचारूया," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"कशाला? ओढा तो बघा." गोदा निघालीसुद्धा. पिशवी तिच्या खांद्याला, पदर खोचलेला. काशीराम मागे रेंगाळला तशी ती न वळताच म्हणाली, "चला, चला. पुढे सरका, पुढे जागा हाय!"

पडकी विहीर उजव्या हाताला आली. चार कौलारू घरं आली. तिसऱ्या घराच्या दारात अबोली होती, पावसहून नेलेली, गोदाने ओळखली. शकू बाहेर आली आणि हातातला झाडू टाकून नुसती उभीच राहिली. मग रडली, मग हसली, मग आत धावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. सलोनी दाराआडून या परक्या माणसांना न्याहाळत होती.

गोदाने चूल बघितली. ती डाव्या बाजूला होती. मग तिने तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या, डोळे मिटून, लेकीच्या घरचं पाणी प्यायली. सगळा तांब्या संपवला.

"बाबा, प्रवास कसा झाला?" शकूने विचारलं.

"दमलो गो," काशीराम म्हणाला. तो भिंतीला टेकला होता आणि त्याने पाय लांब केले होते. "फार लांबचा प्रवास. आता मात्र चार दिवस वाईच विश्रांती."

गोदाने रिकामा तांब्या लेकीच्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि दारात जाऊन आलेल्या वाटेच्या उलट्या बाजूला बघितलं. तिकडे ओढा वळत होता आणि सडक पुढे निघून जात होती.

"शकू," ती म्हणाली, "इथनं पुढे गाडी कुठे जाते गो?"